किती वॅटचा घेऊ? घरच्या ॲम्प्लिफायरबद्दल वाचकांचे प्रश्न

स्टिरिओ ॲम्प्लिफायरबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांची विचारणा वॅटची होती, म्हणून पहिले उत्तर लांबले आहे.

प्रश्न : बारा बाय चौदाच्या खोलीत भावगीतं, नाट्यसंगीत आणि थोडं शास्त्रीय ऐकायचंय. स्पीकर धरून पंधरा हजारांत बसवायचं आहे. दुकानदार एक होम थिएटर दाखवतो, त्यावर ५००० वॅट पीएमपीओ छापलंय. दुसरा वहीएवढा डबा आहे, त्यावर १००+१०० वॅट. एवढ्याशा डब्यात दोनशे वॅट कसे बसतील? कोणता घेऊ? — एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्ही आकडे बाजूला ठेवा. पीएमपीओ, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचा जाहिरातीतला आकडा, मोजायची ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे त्या पाच हजारांना काही अर्थ नाही. डब्यावरचे १००+१०० मात्र अगदीच हवेतले नाहीत. ती कागदावरची कमाल आहे, आणि ती गाठायला जेवढा पुरवठा लागतो तेवढा सोबतचा ॲडॅप्टर बहुधा देत नाही.

दुकानात उभ्या उभ्या खरे वॅट काढता येतात. ॲडॅप्टर उलटा करून त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे एकूण २४ वॅट. आत येतात २४, तर दोन्ही स्पीकरना मिळून सलग २४ च्या वर जाणारच नाहीत. दुसरी मर्यादा व्होल्टची. या छोट्या डब्यांत बहुतेक वेळा टीपीए ३११६ जातीची क्लास-डी (कमी तापणारी, वीज कमी वाया घालवणारी) चिप असते. ती ८ ओहमच्या (हा रोधाचा आकडा स्पीकरच्या मागे छापलेला असतो) स्पीकरला १२ व्होल्टवर चॅनेलमागे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, सात-आठ वॅट स्वच्छ देते, १९ व्होल्टवर अठराच्या आसपास आणि २४ व्होल्टवर पंचवीसच्या आसपास. तोच डबा, तीच चिप. फरक फक्त ॲडॅप्टरचा.

आता लागतात किती? ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. दोन स्पीकर आणि नऊ-दहा फुटांवरची खुर्ची धरली, तर प्रत्येकी एका वॅटला तुमच्या कानाशी सुमारे ८२ पोचतात. साधे बोलणे ६० ते ६५ असते. म्हणजे रोजचे ऐकणे एका वॅटच्या आतच होते. बाकीची ताकद लागते ती डग्ग्याच्या थापेला आणि तानेच्या टोकाला, क्षणभर. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे २० वॅटला ९५ पर्यंत जाता येते. तुमच्या खोलीला हे भरपूर आहे. पन्नासाचे शंभर केल्याने पैसे बरेच जास्त जातात आणि कानाला जेमतेम फरक कळतो.

म्हणून लहान डबा घ्या, पण ॲडॅप्टर २४ व्होल्ट, ४ ते ५ अँपिअरचा मागा. २६ व्होल्टच्या वर ही चिप चालवायची नाही. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर पडून असेल तर तोही चालेल, मात्र पिनची मधली बाजू प्लस आहे आणि पिन सैल बसत नाही एवढे तपासा. सैल पिनला ठिणगी पडते आणि गाणे मधेच तुटते. या सगळ्याला चार हजारांच्या आसपास धरा. नऊ-दहा हजार स्पीकरला ठेवा, कारण आवाजाचा पोत तिथे ठरतो. वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) किमान पाच इंची, जमल्यास साडेसहा, सेन्सिटिव्हिटी ८६ किंवा जास्त, ६ किंवा ८ ओहम. चार इंची वूफरमधून डग्ग्याचा घुमारा अर्धाच येतो, मग ॲम्प्लिफायर कितीही भारी लावा.

वायर साधी तांब्याची, १.५ स्क्वेअर एमएमची. पाच मीटरपर्यंत याहून महाग काही नको.

आणि एक सावधगिरी. या चिपमध्ये दोन्ही काळ्या टर्मिनलांवरही सिग्नल असतो. जुन्या सिस्टीमसारखे दोन्ही स्पीकरचे काळे एकत्र करून तीन वायरींत काम भागवायला जाल, तर चिप जाईल. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी ओढा.

प्रश्न : आमच्या गावात संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं आणि रात्री उशिरा २६५ पर्यंत चढतं. स्टॅबिलायझर घ्यावा का? लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर लावला की ॲम्प्लिफायर घरघर करतो, ती वेगळीच कटकट. — एक वाचक, तालुका औंढा नागनाथ

उत्तर : घाबरायचे ते चढलेल्या व्होल्टेजला, उतरलेल्याला नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला २३० ऐवजी १७० मिळाले, की आतले व्होल्ट त्याच प्रमाणात पाऊणपट होतात आणि ताकद जवळपास निम्मी होते. ४० वॅटचा असेल तर २२ देईल. बिघडत काही नाही, फक्त मोठ्याने लावल्यावर आवाज लवकर फाटायला लागतो. तेव्हा व्हॉल्यूम थोडा मागे घ्यायचा. ॲडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेले असेल तर १७० ने काहीच फरक पडत नाही.

२६५ ची गोष्ट वेगळी. आतले व्होल्ट पंधरा टक्के चढतात, आणि काठोकाठ निवडलेले कपॅसिटर वा आयसी त्यातच जातात. १००-२४० चा ॲडॅप्टरही २६५ ला मर्यादेबाहेर असतो. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टकटक करत टप्पे बदलतो, तो टकटकाट शांत गाण्यात ऐकू येतो. त्यापेक्षा जादा व्होल्टेजला लाईन तोडणारा प्रोटेक्टर बसवा. कट-ऑफ २५० च्या आसपास आणि परत जोडताना दोनतीन मिनिटांचा थांबा असलेला बघा.

घरघरीचे कारण बहुधा तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्या चौकोनी लहरीने ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तीच गुरगुर स्पीकरात उतरते. शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ती जाते, पण तेवढ्यासाठी इन्व्हर्टर बदलू नका. क्लास-डीचा छोटा डबा सरळ इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच ५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि लाल-काळी वायर ओढा. ८ ओहमला सात-आठ वॅट, ४ ओहमच्या स्पीकरला त्याच्या दुप्पट मिळतात आणि हमिंग शून्य. त्या वेळी गाणे वाजवणारा मोबाईल चार्जरला लावून ठेवू नका, नाहीतर इन्व्हर्टरची घरघर त्या वाटेने परत येते.

जास्त ताकदीसाठी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करायचा मोह होईल. तो टाळा. चार्जिंगला लागल्या की त्या २८ च्या आसपास जातात, आणि चिपची हद्द २६ ची आहे.

प्रश्न : गावातल्या मेकॅनिककडून ४४४० चा बोर्ड टाकून घेतलेला ॲम्प्लिफायर आहे. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर. आवाज मोठा केला की चिरकतो. डबा तोच ठेवून आत काही चांगलं टाकता येईल का? मला डाग देता येतो. — एक वाचक, लातूर

उत्तर : येईल. ४४४० ही गाडीच्या टेपसाठी, १३.२ व्होल्टवर चालण्यासाठी बनलेली आयसी आहे. ४ ओहमला चॅनेलमागे ६ वॅट, तेही दहा टक्के विकृती धरून. तुमचा चिरका आवाज म्हणजे ती संपल्याची खूण.

त्या जागी दोन एलएम १८७५ टाका, चॅनेलला एक. आहे त्या १२-०-१२ वर ब्रिज रेक्टिफायर लावून अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात आणि ८ ओहमला साधारण १० वॅट स्वच्छ येतात. ट्रान्सफॉर्मर बदलायचाच तर १५-०-१५, ३ अँपिअरचा घ्या, सोळा-सतरा वॅट मिळतील. दुकानदार १८-०-१८ देईल, कारण त्यावर ही आयसी पूर्ण २० वॅट देते. पण तिची कमाल हद्द दोन्ही बाजू मिळून ६० व्होल्टची आहे. वरच्या पत्रातल्यासारखे रात्री २६५ आले, तर १८-०-१८ भार नसताना ६० ओलांडतो. १५-०-१५ मध्ये तेव्हाही वाव राहतो. तीनचार वॅटसाठी आयसी पणाला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फिल्टरला प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. हीटसिंक बसवताना आयसीमागे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचे बूश हवेच, कारण या आयसीची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. ती अर्थ केलेल्या डब्याला टेकली की सरळ शॉर्ट. बसवल्यावर मल्टिमीटरने पाठ आणि डबा यांत कंटिन्युइटी नाही याची खात्री करा. मगच प्लग लावा, आणि पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरच्या आधी ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घेऊन. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करून जोडणी तपासा. स्पीकर लावण्याआधी त्याच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे.

प्रश्न : भजनी मंडळाचा मिक्सर ॲम्प्लिफायर वर्षभर कपाटात पडून असतो. सप्ताह सोडून घरी वापरला तर? — एक वाचक, जिल्हा नांदेड

उत्तर : चालेल, पण तो मोनो असतो, डावे-उजवे मिळणार नाही. माइकवरचा आवाज लांबवर पोचवणे हे त्याचे काम, तंबोऱ्याची झार त्यात दबते. लावलाच तर मागे ४ किंवा ८ ओहम लिहिलेल्या टर्मिनलवरच लावा. शेजारच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलला घरचा स्पीकर जोडला तर त्याची कॉइल जळेल.

प्रश्न : नवीन ॲम्प्लिफायर जोडल्यापासून आवाज पोकळ येतोय. पखवाजात दमच नाही, गायक नेमका कुठून गातोय तेही कळत नाही. एका स्पीकरजवळ गेलं की बरं वाटतं. ॲम्प्लिफायर खराब आहे का? — एक वाचक, बीड

उत्तर : ॲम्प्लिफायर चांगला आहे. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या आहेत. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. कोणत्याही एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल करा आणि तेच गाणे पुन्हा लावा. पखवाज परत येईल, गायक दोन्हींच्या मधोमध उभा राहील.

जुन्या स्पीकरवरच्या खुणा पुसल्या असतील तर वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टचा सेल तिला निमिषभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर सरकला तर सेलची प्लस बाजू ज्या टर्मिनलला आहे ते लाल. आत गेला तर उलट. सेल टेकवून धरू नका.

प्रश्न : वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर ऑक्सला लावला, तर आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा येतो. माइकच्या जॅकला लावून बघू का? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : नको. माइकच्या जॅकला आवाज वाढेल, पण पत्र्यासारखाच राहील. तबकडी कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. वाजवताना ते सरळ करणारे आरआयएए सर्किट फोनो इनपुटमध्येच असते. मूव्हिंग मॅग्नेट जातीची कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट देते, ऑक्सला काही शे लागतात. तेव्हा एक तर वेगळा फोनो प्रीॲम्प घ्या, नाहीतर फोनो असलेला ॲम्प्लिफायर बघा. नाव सारखे वाटले तरी तपासूनच घ्या. यामाहाच्या ए-एस २०१ ला फोनो आहे, आर-एस २०२ ला नाही. प्लेयरची बारीक अर्थ वायर फोनोशेजारच्या स्क्रूला कसायला विसरू नका, ती मोकळी राहिली की हमिंग येते.

प्रश्न : उन्हाळ्यात तासाभरात ॲम्प्लिफायर आपोआप बंद पडतो, थोड्या वेळाने चालू होतो. काचेच्या शोकेसमध्ये ठेवला आहे. हॉल आणि ओसरी असे चार स्पीकर आहेत. — एक वाचक, जालना

उत्तर : तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद पडतो. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद काचेच्या आत त्याला थंड हवा मिळणार कुठून? आधी तो बाहेर काढा, वर चार इंच आणि मागे दोन इंच मोकळे ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. आतला कपॅसिटर दर १० अंश वाढीला आयुष्य निम्म्यावर आणतो, त्यामुळे हे नुसते बंद पडण्यापुरते नाही.

मग ओसरीचे स्पीकर बंद करून बघा. ८ ओहमच्या दोन जोड्या एकदम चालल्या की ॲम्प्लिफायरला त्या ४ ओहम दिसतात आणि करंट दुप्पट जातो. मागच्या पट्टीवर ‘ए+बी’ (दोन्ही जोड्या एकदम) साठी किमान किती ओहमचे स्पीकर चालतील ते छापलेले असते. तिथे १२ किंवा १६ असेल तर तुमचे चारही स्पीकर एकदम लावायचे नाहीत. एकाच जोडीवर, उघड्यावर ठेवूनही बंद पडला, तर जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा आणि त्यानंतरच मेकॅनिककडे न्या.