गोल्फ क्लबवर जीन्स आणि बिनकॉलरचा टी-शर्ट का चालत नाही? हे इंग्रजांचं जोखड अजून का वाहायचं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीतल्या साहेबांनी येत्या रविवारी पुण्यातल्या गोल्फ क्लबवर बोलावलंय, सोबत ‘जीन्स नको, कॉलर हवी’ असा निरोप आलाय, आणि तो वाचून जावं की नको असं झालंय. जा. मी पुण्यात बरीच वर्षं गोल्फ खेळते, त्यामुळे तुमचा राग मला नवा नाही. पण क्लबच्या पाटीवरचे सगळेच नियम एका जातकुळीचे नसतात. प्रत्येकाला ‘तू कशासाठी आहेस?’ असं विचारायची सवय मी लावून घेतली आहे. ज्याला उत्तर देता येतं तो नियम मी मनापासून पाळते. ज्याला देता येत नाही त्याच्याबद्दल क्लबमध्ये बोलते.

बुटांच्या नियमाला उत्तर देता येतं. ग्रीन, म्हणजे ज्या गुळगुळीत भागावर झेंडा आणि होल असतो, तिथलं गवत 3-4 मिलिमीटरवर कापलेलं असतं. उंचावरून पडलेल्या चेंडूनंसुद्धा तिथे खळगा पडतो. कॅडी, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा सोबती, खिशातला छोटा काटा काढून त्या खळग्याच्या कडा चारी बाजूंनी मधे ओढतो, पटरनं (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीनं) हलकेच थापटतो आणि मगच पुढे जातो. खालून माती उचकटली तर मुळं तुटतात आणि तो ठिपका पिवळा पडतो, म्हणून कडाच ओढायच्या, हे मला एका जुन्या कॅडीनं गुडघ्यावर बसवून शिकवलं. अशा जागी टाचेचा बूट किंवा खडबडीत तळव्याचा ट्रेकिंगचा बूट काय करील, बघा! पूर्वी गोल्फच्या बुटांना लोखंडी खिळे असायचे. पाय जरा घसटला की ग्रीनवर चरा उठायचा आणि मागून येणाऱ्याचा चेंडू त्यात अडखळायचा. 1990च्या दशकात त्यांची जागा प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी घेतली, ती ग्रीन वाचावी म्हणूनच. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उतारावर साध्या चपट्या तळव्याचा बूट सरकतो, तेव्हा या नियमात खेळणाऱ्याचाही फायदा आहे. तालमीच्या लाल मातीत आपण चपला घालून उतरत नाही आणि त्याला कोणी गुलामगिरी म्हणत नाही. हे तसंच आहे.

आता कॉलर. इथे परंपरेचं नाव फार घेतलं जातं, म्हणून परंपरा नीट पाहू. गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम 1744 सालचे, एडिंबरातल्या खेळाडूंनी लीथच्या मैदानावरच्या स्पर्धेसाठी केलेले. एकूण 13 नियम. चेंडू पाण्यात पडला तर काय, हरवला तर काय, कोणी मधेच चेंडू अडवला तर काय, हे सगळं त्यात आहे. कपड्यांबद्दल अवाक्षर नाही.

त्या काळातले खेळाडू लाल कोट घालायचे हे खरं, पण त्यामागे शानशौकीपेक्षा एक साधी गरज होती. खेळ चालायचा तो गावाच्या सामाईक माळावर. तिथे माणसं फिरायची, गुरं चरायची. लाल कोट दिसला की लोकांना कळायचं, इकडून चेंडू येऊ शकतो. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर आजही लोक फिरायला येतात आणि त्यांच्यामधूनच गोल्फ चालतो, म्हणून तिथे खेळणाऱ्याला अंगात लाल काहीतरी घालावंच लागतं. बाकी ठिकाणी मैदानांना कुंपण आलं, गरज संपली आणि लाल कोट समारंभापुरते उरले. मला हे उदाहरण फार आवडतं. कारण टिकलं तिथे नियम टिकला, कारण गेलं तिथे लोकांनी तो सोडून दिला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे ते जाड लोकरीचे कोट आणि टायही स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाऱ्याला धरूनच होते.

आणि ज्या कॉलरवाल्या टी-शर्टला आज ‘परंपरा’ म्हणतात, तो गोल्फचा नाहीच. तो टेनिसमधून आला. 1920च्या दशकात फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त यांनी लांब बाह्यांच्या कडक शर्टाला कंटाळून अर्ध्या बाह्यांचा, मऊ विणीचा शर्ट घातला, तिथून तो पसरला. त्या काळी तोच शर्ट सैल वागणुकीत मोडत असणार.

बायकांच्या कपड्यांची कथा तर याहून बोलकी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका घोट्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये खेळायच्या. 1933 साली इंग्लंडच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेत ग्लोरिया मिनोप्रिओ पँट घालून उतरल्या, तेव्हा लेडीज गोल्फ युनियननं त्या वेशाबद्दल जाहीर नाराजी नोंदवली. म्हणजे आज मला ज्या पँटमध्ये ‘व्यवस्थित’ समजलं जातं, तीच तेव्हा आगळीक होती. बदल अजूनही चालू आहेत. अमेरिकेत व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरनं 2019 मध्ये पुरुष खेळाडूंना सरावाच्या दिवशी अर्ध्या पँटची मुभा दिली, स्पर्धेत मात्र लांब पँटच. 2020 मध्ये इंग्लिश गोल्फपटू टिरेल हॅटन यांनी इंग्लंडमधल्या वेंटवर्थला हुडी, म्हणजे मागे टोपी असलेला स्वेटशर्ट, घालून मोठी स्पर्धा जिंकली आणि हुडीवर केवढी चर्चा झाली! त्यांच्या खेळाला तिनं काही अडचण केली नाही, एवढं तर सगळ्यांना दिसलंच.

मग मी कॉलर का घालते? एक तर एप्रिलमधे येरवड्याच्या कोर्सवर चार तास चाललात की मानेमागची कातडी भाजून निघते, आणि कॉलर उभी केली की बचाव होतो. दुसरं, पाहुणा म्हणून कोणाकडे गेलं की त्या घरच्या चालीनं वागावं, असं मला मनापासून वाटतं. कॉलरच्या टी-शर्टानं कोणाचा अपमान होत नाही. तो साध्या दुकानात मिळतो, नातवाला, आजोबांना, कोणालाही घालता येतो. जीन्सचंही तेच. कामगारांचे कपडे म्हणून क्लबवाल्यांनी ती एकेकाळी नाकारली. आज ते कारण सांगायला कोणीही धजणार नाही, तरी नियम राहिला आहे. तो लवकरच जाईल आणि जावा. पण रविवारच्या एका सकाळीसाठी त्यावर भांडू नका.

भांडायचं ते दुसऱ्या गोष्टीवर.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी मी परगावच्या क्लबवर गेले होते (नाव लिहीत नाही). माझे मामा सोबत होते. जुन्नरकडचे शेतकरी, स्वच्छ धोतर, नेहरू शर्ट, टोपी, पायात वहाणा. माझा खेळ बघायला ते कडेकडेनं चालत होते. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पोचताच ते वाकले, गवताची काडी चिमटीत धरून निरखली आणि म्हणाले, “अगं, ही तर हरळी. आम्ही जन्मभर उपटतोय.” बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर बर्म्युडा गवत असतं आणि ती आपली हरळीच. कितीही उपटा, गाठीतून पुन्हा फुटते, तुडवलेली सहन करते, म्हणून खेळाला उत्तम. ग्रीनवर असतात त्या तिच्याच बारीक पानाच्या निवडक जाती. ग्रीनजवळ आल्यावर त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी ते काठावर थांबले. नंतर कॅडीनं या म्हटल्यावर वहाणा बाहेर काढून, अनवाणी, झेंड्यापासून लांबूनच गेले.

खेळ संपला. चहाला क्लबहाउसच्या व्हरांड्यात गेलो तर तिथला माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, बाबांना आत बसवता येणार नाही, ड्रेस कोड आहे.” त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता, तो नोकरी करत होता. मामांना ऐकू गेलं होतं. ते “चल, बाहेर टपरीवर घेऊ” म्हणाले. त्या दिवशी सगळ्या मैदानावर गवताची जाण त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला होती, आणि जमिनीला त्यांच्याइतकं जपून कोणी चाललं नव्हतं. आत मात्र चुरगळलेला टी-शर्ट घातलेली, मोठमोठ्यानं फोनवर बोलणारी माणसं बसली होती, कारण त्यांना कॉलर होती. हा नियम कशासाठी आहे, या प्रश्नाला उत्तर नाही. किंवा आहे, पण ते कोणी उघड म्हणत नाही.

हे एकट्या माझ्या मामांचं नाही. 1988 साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबमध्ये अनवाणी आलेल्या एम. एफ. हुसेन यांना प्रवेश नाकारला गेला. 2014 मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसली म्हणून क्रिकेट असोसिएशनच्या क्लबमध्ये अडवलं. त्यावर तमिळनाडू सरकारनं त्याच वर्षी कायदाच केला: वेष्टी किंवा भारतीय पारंपरिक वेश आहे म्हणून प्रवेश नाकारला तर एक वर्षापर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. तरीही 2017 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबच्या जेवणघरातून मेघालयातल्या एका बाईंना खासी बायकांचा पारंपरिक वेश, जैनसेम, घातला म्हणून उठवलं गेलं. पाहुण्या म्हणून रीतसर बोलावलेल्या होत्या त्या. देशभर संताप झाल्यावर क्लबनं माफी मागितली.

कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. आपला पूना क्लब 1886 चा. हे क्लब उभे राहिले तेव्हा आत कोणी यायचं हे ठरवायचं काम कपड्यांवर नव्हतं, कातडीच्या रंगावर होतं. रंगाची अट गेली आणि दाराशी नेमकी कपड्यांची पाटी उरली, म्हणून ती मला बोचते. साहेबासारखं दिसेल तो आत, ही मूळ भावना तिच्यात अजून शिल्लक आहे. हल्ली बरेच क्लब बंदगळा किंवा कुर्त्यावर जाकीट ‘राष्ट्रीय पोशाख’ म्हणून चालवतात, साडीला तर प्रश्नच नसतो. पण धोतर आणि कोल्हापुरी वहाणांपाशी गाडी अजून अडते.

याला उपाय आहे आणि तो सदस्यांच्या हातात आहे. क्लबचे पोशाखाचे नियम आभाळातून पडत नाहीत. ते व्यवस्थापन समिती करते, आणि तिला वार्षिक सभेत सदस्यांना उत्तर द्यावं लागतं. तुमचे साहेब सदस्य असतील तर त्यांच्याशी जरूर बोला. फोनवर ओरडू नये, कपडे स्वच्छ असावेत, मैदानावर योग्य बूट असावेत, एवढं लिहिलं तरी पुरतं. धोतर, लुंगी, फेटा, जैनसेम यांना त्यात आपसूक जागा होते.

आता रविवारचं. कॉलरचा सुती टी-शर्ट पँटमध्ये खोचून, साधी कॉटन पँट, बाजूला मोठे खिसे असलेली कार्गो नको. अर्धी पँट चालते का ते साहेबांना आधी विचारा, चालत असली तरी गुडघ्यापर्यंतची. नुसत्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या जागी, जाणार असाल तर साधे स्पोर्ट्स शूज बहुतेक ठिकाणी चालतात. कोर्सवर उतरायचं असेल तर ते पण विचारून घ्या, पहिल्याच दिवशी महागडे गोल्फ शूज घ्यायची गरज नाही. टोपी हवीच, पण छताखाली गेलात की काढा. बूट बदलायचे असतील तर पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसून बदलू नका, बऱ्याच क्लबांना ते आवडत नाही, लॉकर रूम असते. दुसरा माणूस चेंडू मारायला उभा राहिला की हलू नका, बोलू नका, आणि त्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या रेषेवर पाय देऊ नका. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर आलात की दाताळ्यानं वाळू सारखी करा. काही कळलं नाही तर कॅडीदादांना विचारा, आणि त्यांना ‘अहो’ म्हणा. सगळ्या क्लबमध्ये खेळाची आणि मैदानाची सर्वांत जास्त माहिती त्यांनाच असते. अली शेर हे दिल्ली गोल्फ क्लबवरचे कॅडीच होते, आणि 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू तेच.