घरी सगळं येतं, मग पेपरात का आठवत नाही?

"मॅडम, घरी विचारलं की घडाघडा सांगतो. पेपर हातात आला की सगळं विसरतो." ही तक्रार मी दर वर्षी ऐकते. या आईचा मुलगा नववीत होता. रात्री उशिरापर्यंत बसूनही विज्ञानात नापास. त्याची स्मरणशक्तीच कमी आहे, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्याहून वाईट म्हणजे मुलालाही ते पटलं होतं.

'गतीचे नियम' हा धडा त्याच्या पुस्तकात हायलायटरने पिवळाजर्द झाला होता. पुस्तक मिटून आठवेल ते लिही म्हटलं, तर चार ओळींत पेन थांबलं. आई प्रश्न विचारायची ते वाचन संपल्या संपल्या.

मी म्हटलं, "ताई, तेव्हा कुणालाही आठवतं." रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच दाखवलं. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला. एका टप्प्यात वाचून मग तीनदा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. वाचताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि स्वतःहून आठवणं वेगळं. मेंदूला सराव हवा तो स्वतःहून आठवण्याचा.

पण मुलाने हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. वर्गात शिक्षक सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचून दाखवत, त्याचा त्याला ताण यायचा. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि पाठ असलेलंही आठवेनासं होऊ शकतं. हे एका मुलाला समजावून सुटणारं नव्हतं, म्हणून मी मुख्याध्यापिकांकडे गेले.

त्यांनी मार्कांचं जाहीर वाचन थांबवलं. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं कालचा धडा न बघता रफ वहीत लिहायचा, मार्क नाहीत, वही जमा करायची नाही. "पोर्शन कसा संपणार?" शिक्षकांचा हा प्रश्न रास्त होता. त्यावर बाईंनी आधी दोनच विषयांत सुरुवात केली आणि त्या स्वतः वर्गात जाऊन बसल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. नुसतं परिपत्रक काढून शिकवण्याची पद्धत बदलत नाही.

आईला मी एवढंच सांगितलं होतं की आजचा धडा उद्या विचारा, परत चार दिवसांनी विचारा, आणि अडला तर लगेच उत्तर सांगू नका. रात्रीची जागरणंही बंद, कारण शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

सहामाहीत तो विज्ञानात पास झाला. गणिताची भीती अजून आहे, त्यावर आमचं काम चालू आहे.