जुना पंखा काढून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर वीजबिल खरंच कमी होतं का?

हो, होतं, पण घरात जो पंखा सगळ्यात जास्त फिरतो तोच आधी बदला. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी 30 च्या आसपास. हॉलमधला पंखा रोज 15 तास चालत असेल तर महिन्याला जवळपास 20 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटनंतर दर एकदम चढतो, त्यामुळे 110-115 वर अडकणाऱ्या घराला हे फार उपयोगी. दिवसातून तासभर लागणारा पंखा मात्र राहू द्या, त्याचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातील. आणि वायरमनला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून पंखा थेट बटणावर घ्यायला सांगा. बहुतेक बीएलडीसी पंखे रेग्युलेटरवर नीट चालत नाहीत.