किनाऱ्यावर सामानाची राखण कोणी करायची?

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. सांगलीहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत, घरात तेरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे, आणि सगळ्यांनी मिळून मेक्सिकोतील कानकूनला एखाद्या ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणे-खाणेपिणे एकाच दरात) रिसॉर्टवर पाच दिवस राहावे असा बेत आहे. पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत: कधी जावे, व्हिसाचे काय, शाकाहारी जेवण मिळेल का, चिचेन इत्झाचे प्राचीन माया अवशेष पाहणे ज्येष्ठांना झेपेल का, मुलीच्या पोहण्याच्या पोशाखावरून घरात नाराजी होईल का. या सगळ्यांची उत्तरे मी देणार आहे, पण थोडक्यात. कारण पत्राच्या मधोमध, अगदी सहज लिहून गेलेले एक वाक्य आहे आणि माझे मन तिथेच अडकले. त्या लिहितात, ‘‘आई-बाबांना पाण्याची तशी आवड नाही, त्यामुळे ते छत्रीखाली बसून सामान आणि धाकट्याला सांभाळतील, म्हणजे आम्हा दोघांना जरा मोकळा वेळ मिळेल.’’

ताई, तुमचा शीण मला कळतो. दोघांच्या नोकऱ्या, डे-केअर बंद होण्याआधी पोहोचण्याची रोजची धावपळ, मुलाला ताप आला की रजा कोणी घ्यायची यावरून होणारी ओढाताण, हे आपल्यापैकी कोणाला चुकले आहे? भारतातून आई-बाबा आले की घराला चार हात मिळतात आणि आपण जरा टेकतो. त्यात गैर काहीच नाही. पण ‘पाण्याची आवड नाही’ हे त्यांनी तुम्हाला सांगितले, की तुम्ही ते गृहीत धरले? तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यांना विचारल्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

कोणत्याही उन्हाळ्यात जर्सी शोअरला जा किंवा फ्लोरिडाला जा, आपल्या मंडळींचा घोळका दिसला की त्याच्या कडेला एक आजी हमखास दिसतात. घडीच्या खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, पायाशी चपलांचा ढीग, एका हाताने पदर डोक्यावर धरून ऊन अडवणाऱ्या. नातवंडे ओली होऊन येतात, त्यांना टॉवेल देतात, चिवडा देतात, आणि मुले पुन्हा पाण्याकडे पळतात. आजींना कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी त्या ‘‘मला नको, तुम्ही जा’’ म्हणतात. आपण ते उत्तर लगेच मान्य करतो, कारण ते आपल्या सोयीचे असते. आयुष्यभर शेवटी जेवायला बसलेल्या बाईचे पहिले ‘नको’ हे उत्तर धरायचे नसते, हे आपल्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये.

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. गुडघे दुखत असल्यामुळे वाळूत चालणे त्यांना जमणार नाही, असे आम्ही सगळेच समजून चाललो होतो. फ्लोरिडाच्या सिएस्टा कीला गेलो तेव्हा माझ्या यजमानांनी तिथली रुंद, फुगीर चाकांची वाळूतली खुर्ची मिळवली. सॅरासोटा काउंटी ती विनामूल्य देते. तिथली वाळू जवळजवळ शुद्ध स्फटिकाची, पांढरी आणि उन्हातही पायांना न भाजणारी आहे, आणि मेक्सिकोच्या आखाताचे पाणी एरवी शांत असते. खुर्ची पाण्याच्या कडेपर्यंत नेली, मग यजमानांनी एक हात धरला, मी दुसरा धरला, आणि आम्ही त्यांना कमरेइतक्या पाण्यात नेले. त्यांनी सगळ्यांत आधी ओंजळ भरून सूर्याला अर्घ्य दिले. नंतर प्रत्येक लाटेला त्या मोठ्याने हसू लागल्या, आणि त्यांचे तसे हसणे मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकले नव्हते. छातीइतक्या पाण्यात शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलते, त्यामुळे जिन्यावर कुरकुरणारे गुडघे तिथे विनातक्रार चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनीच विचारले, ‘‘आज किती वाजता निघायचं?’’

माझ्या वडिलांचेही तसेच. ते वाईला कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकले होते, आणि आम्हा भावंडांना याचा पत्ता त्यांच्या सत्तरीत, एका रिसॉर्टच्या तलावात त्यांनी शांतपणे हात मारत लांबी कापली तेव्हा लागला. तुमचे सासरे सांगलीचे आहेत. त्यांच्या पिढीतली कितीतरी मुले आयर्विन पुलाखालच्या त्याच कृष्णेत पोहायला शिकली. त्यांना एकदा विचारून तर पाहा.

आता भावनेची बाजू क्षणभर बाजूला ठेवते आणि सुरक्षिततेचे सांगते, कारण इथे मला तुम्हाला थोडे रागवायचे आहे. चार वर्षांच्या मुलाला पाण्याच्या काठावर, पोहता न येणाऱ्या आणि गुडघे धरलेल्या माणसाच्या भरवशावर सोडणे ही मदत घेणे नव्हे, तो धोका पत्करणे आहे. लहान मूल बुडते तेव्हा बहुधा आरडाओरडा होत नाही आणि सगळे काही मिनिटांत घडते. आजोबा खुर्चीतून उठेपर्यंत उशीर झालेला असेल, आणि त्याचा दोष ते उरलेले आयुष्य स्वतःला देत राहतील. पाण्याजवळ मुलाची जबाबदारी तुम्हा नवरा-बायकोपैकी एकाचीच असली पाहिजे, तासातासाने पाळी बदलून, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या हातात फोन नको. मोकळ्या वेळासाठी रिसॉर्टचा किड्स क्लब असतो. तिथे बहुतेक ठिकाणी चार वर्षांपासून मुले घेतात, मात्र डायपर सुटलेले असावे लागते, एवढी अट बुकिंगआधी विचारून घ्या. रात्री मुले झोपल्यावर आजी-आजोबा खोलीत थांबले आणि तुम्ही दोघे जेवायला गेलात, तर त्याला माझी काहीच हरकत नाही. फक्त तेही आधी विचारून.

सामानाचे तर कारणच उरत नाही. ऑल-इन्क्लुझिव्ह ठिकाणी मनगटावरचा पट्टा दाखवला की खाणेपिणे मिळते. पाकीट, पासपोर्ट आणि दागिने खोलीतल्या तिजोरीत राहतात. किनाऱ्यावर एक टॉवेल आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत एक फोन पुरतो. शिवाय रिसॉर्ट आजींचे पैसे तुमच्याइतकेच घेणार आहे. त्यांच्या वाट्याला त्या पैशांत एक छत्री आणि चपलांचा ढीगच यावा का?

त्यांना पाण्यात न्यायचे असेल तर किनारा मात्र नीट निवडावा लागतो, आणि कानकूनमध्ये तो सगळीकडे सारखा नाही. तिथली हॉटेलांची पट्टी साधारण बावीस किलोमीटर लांब, सात आकड्यासारखी वळलेली आहे. तिच्या उत्तरेकडच्या आडव्या भागासमोर इस्ला मुहेरेस बेट आड येते, म्हणून प्लाया लांगोस्ता, प्लाया तोर्तुगास या किनाऱ्यांवर पाणी उथळ आणि शांत असते. पूर्वेकडच्या लांब बाजूला, जिथे देखणी छायाचित्रे काढली जातात त्या प्लाया देल्फिनेसच्या दिशेला, खुला कॅरिबियन समुद्र आहे आणि पाण्याला ओढ असते. बेटावरच्या प्लाया नोर्तेवर तर पुष्कळ आतपर्यंत कमरेइतकेच पाणी लागते. तिथे फेरीबोटीने अर्ध्या तासात जाता येते. हिवाळ्यात मधूनच उत्तरेचा जोरदार वारा सुटतो आणि हेच शांत किनारे दोन-एक दिवस खवळतात, तेव्हा तलाव गाठावा. तलाव निवडताना उतरत्या कडेचा, पायऱ्या नसलेला तलाव आहे का ते विचारा. किनाऱ्यावरचे बावटे मुलीलाही समजावून ठेवा: हिरवा असेल तर उतरावे, पिवळा असेल तर जपून, लाल किंवा काळा असेल तर पाण्याकडे फिरकूही नये.

पोशाखाचा प्रश्न तुम्ही मुलीबद्दल विचारला आहे, मी तो आधी आजींबद्दल विचारते. भिजलेली साडी जड होते, पायांत गुंडाळते आणि लाटेत माणसाला पाडते, त्यामुळे ती पाण्यात धोक्याची आहे. सुती पंजाबी ड्रेस कित्येक रिसॉर्ट तलावात चालू देत नाहीत. पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा लांब सदरा आणि घोट्यापर्यंतची लेगिंग आता सहज मिळते. त्यात अंगभर झाकलेले राहते, ऊनही लागत नाही आणि संकोचही वाटत नाही. माझ्या सासूबाईंनी तो जोड पहिल्यांदा खोलीत, दार लावून, आरशासमोर घालून पाहिला आणि मगच बाहेर आल्या. तेवढा अवकाश त्यांना द्यावा. सासऱ्यांना मधुमेह असल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यांना वाळूत अनवाणी चालू देऊ नका, कारण मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. इन्सुलिन बाल्कनीत किंवा चेक-इनच्या सामानात ठेवू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात शरीरातले पाणी लवकर घटते, म्हणून डॉक्टरांशी आधी बोला. समुद्रात सकाळी दहाच्या आत उतरा, दुपारी सगळ्यांनी झोपा, मग पुन्हा चारनंतर.

मुलीबद्दल एकच सांगते: ती काय घालणार आहे हे तिनेच आजीला निघण्यापूर्वी दाखवावे. आजी स्वतः पाण्यात असल्या की नातीच्या पोशाखाकडे पाहायला त्यांना वेळ नसतो, हे मी आमच्या घरात पाहिले आहे.

बाकीचे आता भराभर. कॅरिबियनमध्ये वादळांचा काळ जून ते नोव्हेंबरअखेर असतो, त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत वाईट. 2005 च्या ऑक्टोबरात विल्मा वादळाने कानकूनची दुर्दशा केली होती. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत पूर्वेच्या किनाऱ्यांवर सारगॅसम शेवाळाचे तपकिरी ढीग येतात आणि कुजले की वास मारतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत बरा वाटतो. नाताळचे दर तेव्हा सुरू झालेले नसतात. मुलीच्या शाळेचे दोन-तीन दिवस बुडाले तर बुडू द्या.

सासू-सासऱ्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध, अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे, तेव्हा त्यांना मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागणार नाही. तुमच्या यजमानांच्या पासपोर्टवरचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का मात्र संपला आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना मेक्सिकोत शिरायलाच मेक्सिकोचा व्हिसा लागेल, आणि परतीचे नियम कंपनीच्या वकिलाकडून लेखी विचारून घ्यावे लागतील. ते जमत नसेल तर हट्ट करू नका, अमेरिकेच्याच हद्दीत, फ्लोरिडाला किंवा पोर्तो रिकोला जा. भारतीय पाहुण्यांसाठी घेतलेला आरोग्य विमा मेक्सिकोत चालतो का, हेही पाहा. स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे मेक्सिकोत नेता येत नाहीत, ती घरीच ठेवा.

जेवणाची काळजी सोडा. राजम्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचे पाणी असू शकते, तेव्हा ‘सिन मांतेका’ (डुकराची चरबी नको) असे सांगा आणि भाताचे वेगळे विचारून घ्या. मक्याच्या पोळ्या, ग्वाकामोले, पपई, आंबा आणि अंबाडीच्या जातीच्या फुलांचे लाल सरबत पोटभर मिळते. चिचेन इत्झा कानकूनपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, तिथे सावली कमी आहे आणि पिरॅमिडवर चढू देत नाहीत. सासऱ्यांना इतिहासाची ओढ असेल तर पहाटे निघा, नसेल तर तो दिवस समुद्राला द्या.

बुकिंग करण्याआधी या रविवारी सांगलीला फोन लावा. तुम्ही नको, यजमानांनी बोलावे, कारण सुनेला आई ‘नको’च म्हणतील. ‘‘तुम्ही पाण्यात याल का?’’ असे विचारू नये. ‘‘आई, तुमच्या मापाचे पाण्यातले कपडे मागवतोय, रंग कोणता आवडेल?’’ असे विचारावे. बाबांना कृष्णेतल्या पोहण्याचे विचारावे आणि त्यांना बोलू द्यावे. त्यांनी दोघांनी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही मनापासून ‘नको’ म्हटले, तर मग छत्रीखालची खुर्ची त्यांची, पण सामान तुमच्या खोलीत आणि धाकटा तुमच्या हाताशी.