बेळगावहून दुचाकीवर एका दिवसात घाट बघून यायचा असेल तर कुठला रस्ता घ्यावा आणि काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी 125 सीसीची आहे, मागे पत्नी असणार, सप्टेंबरअखेरीस निघायचं आहे आणि दोघांनाही घाटाची सवय नाही. मग चोर्ला घाट करा. तिलारीचा उतार फार तीव्र आहे, जोडीने पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकडे जाऊ नये. आंबोली सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी गर्दीत निम्मा वेळ जातो.

रस्ता असा: पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खाली गोव्यात केरी. जांबोटी साधारण तीस किलोमीटरवर आहे. केरीच्या पुढे साखळीपर्यंत गेलात तर एका बाजूने ऐंशीच्या आसपास होतात. जाऊन-येऊन एकशेसाठ धरा, 45 चं मायलेज धरलं तर साडेतीन-चार लिटर पेट्रोल लागेल. टाकी बेळगावातच भरून घ्या.

या रस्त्याची एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे आणि चोर्ला आठशेच्या आसपास. म्हणजे कणकुंबीपर्यंत वळणं आहेत, झाडी आहे, छोटे चढउतार आहेत, पण खरा घाट लागतच नाही. तो चोर्ल्यानंतर एकदम सुरू होतो आणि थेट अंजुणे धरणाच्या पाण्यापर्यंत खाली नेतो. तोवर हात सैलावलेला असतो, वेग बसलेला असतो, आणि तिथेच घात होतो. म्हणून कणकुंबीत थांबाच. माउली देवीचं दर्शन घ्या, मलप्रभेचा उगम बघा (इथलं पाणी पूर्वेला कृष्णेत जातं आणि घाटाखालचं मांडवीतून अरबी समुद्रात), चहा घ्या आणि गाडीवरून एकदा नजर फिरवा.

उतरताना गिअर कुठला, हा प्रश्न सगळेच विचारतात. जो चढ तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढाल, तो दुसऱ्यातच उतरा. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता उरतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरायची आपल्याकडे सवय आहे, ती कृपा करून सोडा. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये उतरताना तसंही पेट्रोल तोडते, म्हणजे वाचत काहीच नाही आणि हातातली पकड मात्र जाते.

मागच्या ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलं की ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पुढे डिस्क असेल तर जुन्या ब्रेक ऑइलमुळे आणखी एक घोटाळा होतो. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 3 दर्जाचं तेल 205 अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पण ओलावा मुरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. मग तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून मुठीपर्यंत येतो. दोन वर्षांत तेल बदललं नसेल तर निघण्याआधी बदलून घ्या. जळका वास आला की बाजूला, मोकळ्या जागी थांबा आणि वीसेक मिनिटं गाडी निवू द्या. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, धातू वाकतो किंवा तडकतो.

वळणाचं तंत्र सोपं आहे, पण ते पाळावं लागतं. वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधीच वेग कमी करा, गिअर खाली घ्या, हॉर्न द्या आणि डाव्या कडेने शांतपणे वळा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबू नका. समोरून मोठी गाडी वर येत असेल तर तिला आधी वाट द्या, चढणाऱ्याचा हक्क पहिला. सप्टेंबरात सावलीच्या कडेला शेवाळ असतं आणि ट्रकमधून सांडलेलं डिझेल वळणावरच जास्त असतं. ओल्या डांबरावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की तिथे ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर, गाडी सरळ धरून पार व्हा. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, त्यामुळे पुढचं वाहन कुठून गेलं ते बघा.

पत्नीला आधी सांगून ठेवा की वळणात तुमच्याबरोबर कलायचं, उलट्या बाजूला नाही. उतारावर ब्रेक लागला की मागचा माणूस पुढे सरकतो आणि त्याचा सगळा भार चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतो. गुडघ्यांनी सीट धरायची आणि एक हात मागच्या ग्रॅबरेलवर ठेवायचा. ओढणी आत खोचलेली असावी. घोंगड्यासारखा सैल रेनकोट नको, तो चाकात किंवा चेनमध्ये अडकतो. पॅन्ट-जॅकेटचा जोडच घ्या. हेल्मेट दोघांनाही हवं, कायद्यानेही लागतंच.

टायरची हवा थंड असताना बघा. पुढे बहुधा 25 पीएसआय, मागे एकट्याला 28-29 आणि जोडीला 32 च्या वर, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, तोच पाळा. चेनला बोटाने वर-खाली हलवून 25 ते 30 मिलिमीटर ढील असावी. फार ताणलेली चेन दोघांच्या वजनाने बेअरिंग खाते. सोबत पंक्चर किट, एक क्लच केबल, प्लग आणि त्याचा पाना ठेवा. जांबोटीपुढे मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे घरी वेळ सांगून निघा. कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये असली तर ती आधीच उघडून बघा.

धुक्यात हाय बीम लावू नका, उजेड परत डोळ्यांवर येतो. लो बीमवर, पांढऱ्या पट्टीचा अंदाज घेत चाला. व्हायझर आतून धूसर होत असेल तर कोरड्या साबणाचा हलका हात फिरवून तो पुसून घ्या.

सकाळी साडेसहाला निघालात तर साडेनऊ-दहापर्यंत आरामात खाली पोचाल. परत चढायला दोनच्या आत लागा, संध्याकाळी माथ्यावर धुकं दाट होतं. धबधबे रस्त्यावरून दिसतील तेवढेच बघा. आतल्या वाटा वनखात्याच्या हद्दीतल्या आहेत, परवानगीशिवाय शिरू नका. थांबलात तर गवतात बसू नका, जळवा असतात. घरी आल्यावर त्याच दिवशी चेन धुऊन, कोरडी करून तेल द्या. घाटातला लाल चिखल सुकला की घासकागदासारखं काम करतो.