लाल दिसली म्हणजे आपलीच पेशी का?

प्रश्न : अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना पीकेएच-२६ हा लाल रंग देऊन त्या रॅटच्या शेपटीच्या शिरेतून सोडल्या. दहा दिवसांनी यकृताच्या कापांत लाल ठिपके दिसतात. पेशी यकृतात रुजल्या असं लिहू का?
— संशोधक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : इतक्यात नको. हा रंग पेशीपटलातल्या मेदात बसतो. पेशी मेली तरी तो राहतो, आणि तिचे तुकडे गिळणारी यकृतातली कुप्फर पेशीही लाल दिसू लागते. शिवाय शिरेतून सोडलेल्या बहुतेक पेशी आधी फुप्फुसातच अडकतात, म्हणून फुप्फुसाचेही काप घ्या.

आधी तोच काप हिरव्या फिल्टरखाली बघा. ठिपका तिथेही चमकला तर तो बहुधा आपला रंग नव्हे, तर यकृतातलं लिपोफ्युसिन हे आपोआप चमकणारं रंगद्रव्य. रंग न दिलेल्या जनावराच्या यकृतातही ते सापडेल. मग कुप्फर पेशींना चिकटणाऱ्या ईडी-२ अँटिबॉडीने त्या पेशी हिरव्या रंगवा. लाल आणि हिरवं एकाच पेशीत आलं, तर तो ठिपका मोजणीत धरू नका. अँटिबॉडी लावताना ट्रायटन हा साबणासारखा द्रव मात्र टाळा, पटलातला रंगच धुऊन जातो. पॅराफिनचे कापही याच कारणाने बाद. अल्कोहोल आणि झायलीन रंग ओढून नेतात. गोठवलेलेच काप घ्या.

खरी कसोटी मेलेल्या पेशींची. तेवढ्याच रंगवलेल्या पेशी तीनदा गोठवून-वितळवून मारा आणि दुसऱ्या रॅटला द्या. दहाव्या दिवशी तिथेही तसेच ठिपके दिसले, तर तुमच्या ठिपक्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या खेपेला नराच्या पेशी मादीला द्या. नराच्याच पेशीत असणारं वाय गुणसूत्र शोधलं की रंगावर विसंबावं लागत नाही.

रंगवतानाही चूक होते. २ कोटी पेशी सीरमविरहित माध्यमात धुवा, वरचं पाणी जवळजवळ सगळं काढा, १ मिली डायल्युएंट-सी मध्ये (रंगासोबत मिळणारं बिनमिठाचं द्रावण) मोकळ्या करा. मीठ उरलं तर रंगाच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्याच पुढे ‘पेशी’ म्हणून मोजल्या जातात. डायल्युएंट-सीच्या दुसऱ्या १ मिलीत १ मिलिमोलर रंग ४ मायक्रोलिटर घालून त्यात पेशी झटकन ओता. वेळ २ ते ५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग २ मिली सीरम, एक मिनिट थांबा, आणि तीन धुण्या. शेवटची नव्या नळीत.

रंगासोबतच्या पत्रकातलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २०–२५ अंश, जळगावचा मे महिना नव्हे. रंग इथेनॉलमध्ये असतो. बाटली उघडी राहिली की इथेनॉल उडतं, रंग दाट होतो आणि पेशी मरतात. एसी बंद असेल त्या दिवशी स्टेनिंग करूच नका.