"कोणते पाटील?" हे कॉलवर विचारू नकोस

भाऊ, जळगावात आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो, "कोणते पाटील? लेवा, मराठा की गुजर?" पारावर ते चालतं, हेडसेट लावल्यावर नाही. कॉल सेंटरमधल्या पहिल्याच वर्षी मी चोपड्याकडच्या एका आजोबांना हे सहज विचारलं. ते मोकळेपणाने अहिराणीत बोलत होते, एकदम गप्प झाले. "त्याचा माझ्या तक्रारीशी काय संबंध?" एवढं म्हणून फोन ठेवला. अजून टोचतं ते.

फॉर्ममध्ये प्रवर्गाचा रकाना असेल, म्हणजे शिष्यवृत्ती किंवा एखाद्या योजनेचं काम असेल, तर विचारावंच लागतं. पण आधी कारण सांग, मग प्रश्न: "सवलतीसाठी प्रवर्ग लागतो, सांगू शकाल का?" नावावरून, बोलण्यावरून अंदाज बांधून रकाना भरायचा नाही, कधीच. नंदुरबारचा माणूस म्हणजे भिल्ल किंवा पावराच असेल, असं धरणं तर फारच वाईट.

ब्रिटनच्या प्रोसेसवर, म्हणजे तिथल्या ग्राहकांचे कॉल घ्यायच्या कामावर, गेलास तर तिथे वंश विचारतात तो बहुधा सगळ्या समाजगटांना सारखी सेवा मिळते का, हे तपासायला. तिथला कायदा ही माहिती विशेष संवेदनशील धरतो. यादीत "सांगायचं नाही" हा पर्याय असतो, तो घाईत गिळू नकोस, बाकीच्यांइतकाच स्पष्ट वाच. समोरच्याने तो निवडला तर "ठीक आहे" म्हण आणि लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळ. "का बरं?" अजिबात विचारायचं नाही.

आणि कॉल संपल्यावर शेजारच्या खुर्चीवाल्याला "तो अमुक जातीचा होता" असं सांगत बसू नकोस.